सगळ्यांची नाडी चौऱ्याऐंशी

२ मार्च २०२५, रविवार

औषध कंपनीच्या माणसानं नव्या वर्षाला दिलेली ही डायरी दोन महिने कपाटात पडून होती. आज काढली. ३१ मेला मी रिटायर होणार. चौतीस वर्षं नर्स म्हणून काढली, तेव्हा निरोपाच्या दिवशी चार शब्द बोलावे लागतील. म्हणून आठवेल ते टिपून ठेवायचं ठरवलं. घरात सांगितलं तर हे म्हणाले, "विठे, तुजे चार शब्द म्हंजे लोकांच्या जेवणाची येळ टळायची. आदी त्यास्नी जेवू घाल, मग बोल." एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यापासून घरात कंडक्टर झालेत.

केंद्रातली जुनी रजिस्टरं चाळली. माझ्या हातची बाळंतपणं दोन हजारांच्या वर भरतात. त्यातली काही वाईट झाली, ती मोजली नाहीत. भाषणात ती घ्यायची नसतात.

११ मार्च, मंगळवार

आज डॉक्टर मॅडमनी माझी गंमत केली. अर्पिता मॅडम वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या, पण नजर बारीक. कळांचे तक्ते तपासत बसल्या होत्या. प्रत्येक बाळंतिणीचा एक तक्ता असतो. त्यात दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, आईची नाडी, कळा, सगळं भरायचं. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या सगळ्या बायकांची नाडी चौऱ्याऐंशीच कशी असते?"

मी म्हटलं, "मॅडम, चौतीस वर्षं झाली. बाई दारातून आत आली की चेहऱ्यावरून नाडी कळते मला."

त्या हसल्या. "आणि बाळाची?"

"ती मात्र कानानं." हे खरं आहे. बाळाचे ठोके मी कधी ऐकल्याशिवाय लिहिले नाहीत. पंधरा सेकंद ऐकायचं आणि चारनं गुणायचं. पुस्तकात पूर्ण मिनिट लिहिलंय, पण पुस्तक लिहिणाऱ्याला एका वेळी तीन बाळंतिणी सांभाळाव्या लागत नाहीत.

आमच्याकडं दोन साधनं. एक अॅल्युमिनियमचं नरसाळं, पोटावर टेकवून कान लावायचं. ते ऐकणाऱ्याचं एकट्याचं. दुसरं डॉपलर, बॅटरीवरचं. त्यातनं आवाज खोलीभर ऐकू येतो आणि आकडाही दिसतो. डॉपलर आल्यापासून मी एक पद्धत पाडलीय. कळा चालू असताना सासूला, नवऱ्याला आत बोलवायचं आणि बाळाचा आवाज ऐकवायचा. बायकांना तेवढाच धीर येतो. आता आसपासच्या गावांतून लोक येतात ते "ठोके ऐकवणारी बाई" म्हणून. भाषणात हे घ्यायचं.

२७ मार्च, गुरुवार

शिवरंजनी नावाची पोर तपासणीला आली होती. पहिलटकरीण, बावीस वर्षांची. माहेर तामलवाडी, सासर आमच्या केंद्राजवळच्याच वस्तीवर. तिची सासू रुद्रम्मा, घरात तिचाच शब्द. सून बोलायच्या आत सासू उत्तर देते. पोटावर डॉपलर टेकवला तसा ठोका खणखणीत सापडला, बेंबीच्या खाली उजवीकडं. पोरगी हसायलाच लागली. म्हणाली, "बाई, घोडं पळालंय आत!"

रुद्रम्मा म्हणाल्या, "घोडं न्हाय, नातू हाय माजा." मी म्हटलं, आक्का, नात असली तर ती काय चालत येणार आहे? तीही पळतच येईल. सगळ्या हसल्या.

१३ एप्रिल, रविवार

लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते. उद्यावर टाकलं तर मी यात काहीतरी फिरवीन.

येरमाळ्याची यात्रा. आज चुनखडी वेचायचा दिवस, म्हणून मॅडम आणि दुसरी सिस्टर तिकडच्या ड्युटीवर. केंद्रात मी एकटी आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर बब्रुवान. पण गर्दी अजिबात नव्हती. दिवसभरात एकच बाई, शिवरंजनी.

सकाळी साडेदहाला आणलं तिला. कळा चांगल्या होत्या, अर्धं काम झालेलं. नरसाळं लावलं. ठोका नेहमीच्या जागी, उजवीकडं. १४४. सगळं व्यवस्थित.

उकाडा एवढा की पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. पोर पहाटेपासून पाण्याविना होती. अकरापर्यंत तिच्या ओठांना पापुद्रे आले. पाणी मागायला लागली. रुद्रम्मा म्हणाल्या, "पाणी दिऊ नका बाई, कळा बसत्यात." असं काही नसतं हे मला ठाऊक आहे, पण ऐन वेळी घरच्यांशी वाद नको, म्हणून कापूस भिजवून ओठांना लावला. अंग गरम लागत होतं. आज कुणाचं लागत नव्हतं?

माझी कंबर धरली होती. वाकवेना, म्हणून अकराला नरसाळं ठेवून दिलं आणि डॉपलर घेतला. ठोका जागेवर सापडेना. पाच-सात मिनिटं शोधला तेव्हा खाली डाव्या जांघेकडं सापडला. १२३. घोड्यासारखा नव्हता, वारा सुटल्यासारखी सळसळ येत होती. बॅटरी जुनी झालीय. बाळ फिरलं असेल. ठोके १२३, नाडी ८४ लिहिली.

बाराच्या सुमाराला पोर म्हणाली, "बाई, आत काय हलंना झालंय." मी म्हटलं, "कळा सुरू झाल्या की बाळही दम धरतं गं. घाबरायचं नाही. थांब, ऐकवते तुला." आणि नेहमीसारखं सासूला आणि नवऱ्याला आत बोलावलं. नवरा नंदीश, मुकाट पोरगा. त्यानं मोबाइलवर आवाज भरून घेतला. सगळ्यांनी ऐकलं. १२७. मी म्हटलं, ऐका, बाळ बोलतंय. पोरीचा चेहरा जरा खुलला.

साडेबाराला १२६, एकला १२८. अडीचनंतर ती जोर द्यायला लागली तशी १३५. दर वेळी ऐकलं मी. ऐकल्याशिवाय एकही आकडा लिहिला नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. अठ्ठावीसशे ग्रॅम. मागून हिरवं, गढूळ पाणी आलं. रडली नाही. अंग सैल. फुगा लावून वीस मिनिटं श्वास दिला, छाती दाबली. काही नाही. मग बब्रुवाननं माझा हात धरून बाजूला केला.

रुद्रम्मा एकच विचारत राहिल्या, "आत्ता तर ठोकं चालू हुतं. समद्यांनी ऐकलं. मग झालं काय?" मी म्हटलं, "आक्का, ठोके शेवटपर्यंत चांगले होते. शेवटी जोर थोडा कमी पडला."

आम्ही नर्सा असं म्हणतोच. काहीतरी तर सांगावं लागतं.

१४ एप्रिल, सोमवार

नरसाळं घासूनपुसून कपाटात ठेवलं. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कधीकधी शेवटच्या क्षणी नाळ दाबली जाते सिस्टर, कुणाच्या हातात नसतं." पोर काल रात्रभर केंद्रातच होती. जाताना माझ्यापुढं हात जोडले आणि म्हणाली, "मला जोर दिऊ आला न्हाय, बाई."

मी म्हटलं, पुढच्या वेळी येईल.

२२ एप्रिल, मंगळवार

बाळ दगावलं की वरून चौकशी होते. आज दोघं येऊन गेले. तक्ता बघितला, दर अर्ध्या तासाचे ठोके, नाडी, कळा, एकही चौकट रिकामी नाही. त्यातला मोठा साहेब मॅडमना म्हणाला, "असं रेकॉर्ड मला दुसरीकडं दाखवा. या बाई रिटायर व्हायच्या आत बाकीच्यांना शिकवून जाऊ द्या." मॅडमनी माझ्याकडं बघून मान हलवली.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बग, तू उगंच जिवाला लावून घितलीस." बरं वाटायला पाहिजे होतं.

७ मे, बुधवार

दुपारी नंदीश आला. बाकड्यावर बराच वेळ बसून राहिला. शेवटी मीच विचारलं, काय रे?

"बाई, आमच्या आईला येकदा समजून सांगा. तिनं शिवरंजनीला माहेरला लावलंय. आनायला जाऊ दिना. म्हंती, पोटातलं पोर समद्यांच्या देखत चांगलं हुतं, हिनं बाहेर काढताना मारलं. सिस्टर सोता म्हणल्या जोर कमी पडला म्हणून. लोकं इचारत्यात त्यांना बी त्येच सांगती."

मी म्हटलं, असं मला म्हणायचं नव्हतं.

"मला ठावं हाय. पण तिला खरं वाटलंय ओ. शिवरंजनीला. ती खाईना, पिईना. दिसभर ह्ये ऐकत बसती." त्यानं मोबाइल काढला. "तिला पाठवलंय म्या. पोरीचं म्हणून येवडंच हाय आमच्यापशी."

त्यानं आवाज लावला. एक मिनिट चाळीस सेकंद. आधी सळसळ. त्यावर माझाच आवाज, "ऐका, ऐका, बाळ बोलतंय." मग रुद्रम्मांचं "आगं बाई!" मग शिवरंजनीला कळ आली, ती ओरडली. आणि ती ओरडली तशी सळसळ भरभर व्हायला लागली. कळ उतरली तशी ती पण उतरली.

मी त्याला परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तो म्हणाला, "तुमाला बी लागून ऱ्हायलंय का बाई?" मी होय म्हटलं आणि त्याला चहा पाजून पाठवलं.

८ मे, गुरुवार

मोबाइलमध्ये आवाज बदलतो. खोलीत पंखा चालू होता. तीन माणसं बोलत होती. अशा आवाजावरून काही ठरवता येत नाही.

११ मे, रविवार

ठरवता येतं.

आज एक बाई बाळंत झाली, दुसऱ्या खेपेची, सगळं सुरळीत. तिच्या कळांमध्ये मी डॉपलर लावला, आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं. हे शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यात शिकवतात. पोटावर कान, मनगटावर बोटं. दोन्ही वेगळे चालले तर जे ऐकतोय ते बाळाचं. दोन्ही एक झाले तर ते आईचंच रक्त वाहताना ऐकू येतंय. शेवटचं कधी केलं होतं, मला आठवत नाही.

आज बोटाखाली नव्वद आणि डॉपलरवर एकशे चाळीस. घोडं आपलं घोड्यासारखं पळत होतं. कळ आली, बाईनं आरोळी ठोकली, तशी बोटाखालची नाडी वर चढली. घोडं चढलं नाही. उलट जरा दमानं झालं आणि परत पळायला लागलं. आईच्या ओरडण्यानं बाळाचा ठोका असा चढत नाही. तेरा एप्रिलला खोलीत जो चढत होता, तो शिवरंजनीचा होता. पहाटेपासून पाणी नाही, अंग तापलेलं, जीव घाबरलेला. तिची नाडी एकशे पंचवीसच असणार. आणि मी शेजारच्या चौकटीत ८४ लिहीत होते. खरी लिहिली असती तर दोन आकडे शेजारीशेजारी सारखे आले असते आणि शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

साडेदहाचे एकशे चव्वेचाळीस तेवढे पोरीचे. अकरापासून मी तिच्या आईलाच ऐकत होते. गाडी लिंबाखाली उभी होती, बब्रुवान टायरला टेकून बसला होता. धाराशिवचं मोठं हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर. आणि ती सांगत होती मला. "आत काय हलंना झालंय" म्हणून सांगत होती.

१५ मे, गुरुवार

तीन दिवस काही लिहिलं नाही. आज ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता सांगून ती पोर परत यीनार हाय का?"

नाही.

"मग पंधरा दिवस ऱ्हायलेत. गप बस. चौकशी झाली, कागद मिटला. चौतीस वर्साचं नाव हाय तुजं."

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. चार दिवस मीही हेच घोकतेय. शिवाय आणखी एक आहे. तो आवाज त्या पोरीजवळ एकुलती एक ठेव आहे. ते बाळ नव्हतंच म्हणून सांगायचं, म्हणजे तिच्याकडून बाळ दुसऱ्यांदा काढून घ्यायचं. हे कारण मला चांगलं सापडलंय. फार चांगलं सापडलंय, म्हणूनच त्याचा मला संशय येतो. मी गप्प राहिले तर ठेव तिच्याजवळ राहील आणि दोषही तिच्याजवळच राहील. आणि माझ्याजवळ शाल, नारळ.

१९ मे, सोमवार

मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला. माझ्या हातानं लिहिलेला, खाली सही. दिनांक १३ एप्रिल रोजी मी आईची नाडी एकदाही मोजली नाही. तक्त्यातल्या नाडीच्या सर्व नोंदी अंदाजाने केल्या. अकरानंतरचे ठोके बाळाचे नसून आईचे असावेत असं माझं मत आहे.

मॅडमनी दोनदा वाचला. दार लावून घेतलं. "सिस्टर, हे कुणी विचारलेलं नाही तुम्हाला."

"तुम्ही विचारलं होतं," मी म्हटलं. "मार्चमध्ये. सगळ्यांची नाडी चौऱ्याऐंशीच कशी म्हणून."

त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "मी हसले होते तेव्हा." मग कागदावर पोच लिहून शिक्का मारला. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरल्यासारख्या दिसल्या.

२० मे, मंगळवार

वस्तीवर गेले. रुद्रम्मा दारात शेंगा फोडत होत्या. उभ्याउभ्याच सांगितलं, बसले असते तर सांगून झालं नसतं. नंदीश भिंतीला टेकून ऐकत होता. मी म्हटलं, "आक्का, सुनेचा जोर कमी पडला नव्हता. बाळ त्याच्या आधीच गेलं असणार. मला ते ऐकू आलं नाही. मी तुमच्या सुनेचंच काळीज ऐकत होते आणि तुम्हाला बाळाचं म्हणून ऐकवत होते."

मला वाटलं, सूप फेकून मारतील. त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. "म्हंजे तुमी ऐकलंच न्हाय?"

"नाही."

"आन म्या महिनाभर गावाला काय सांगत फिरले." थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तिला पानी दिलं असतं तर?"

तेव्हा कळलं, ही बाई एवढ्या मोठ्यानं सुनेला का बोलत होती. मी म्हटलं, "पाणी द्यायचं का नाही ते मी ठरवायचं होतं. तुम्हाला विचारायचं कारणच नव्हतं." त्यांना ते पटलं असं दिसलं नाही. आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. नंदीश एसटीपर्यंत सोडायला आला आणि सगळ्या रस्त्यात माझ्याकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. गाडी आल्यावर एवढंच म्हणाला, "तिला तुमीच सांगा. मला न्हाय जमायचं."

२५ मे, रविवार

आमच्या तेरहून धाराशिव, तिथून तुळजापूर, तिथून सोलापूरची गाडी. तामलवाडीला उतरले तेव्हा अकरा वाजले होते. हे येतो म्हणाले होते, मी नको म्हटलं.

शिवरंजनी सोप्यात बाजेवर बसली होती. दीड महिन्यात अर्धी झालेली. मला बघून उठायला लागली, "बाई, तुमी कशाला एवढ्या उन्हात?" म्हणून पाणी आणायला आईला हाक मारली. मी पाणी तसंच ठेवलं. तिची आई आत गेल्यावर मी सांगितलं. रुद्रम्मांना सांगितलं त्याच शब्दांत, एकही कमी न करता. एसटीत पाठ केले होते.

तिनं उशीजवळचा मोबाइल उचलला. लावला नाही. नुसता हातात धरून बसली.

"म्हंजे ह्ये माजंच हाय?"

"होय."

"माजंच काळीज म्या रोज ऐकत बसले व्हय."

मी मान हलवली.

"मग तिचं कवा थांबलं?"

"माहीत नाही, बाळ. मी ऐकलंच नाही."

"मला जोर दिऊ आला हुता?"

"चांगला दिला होतास. माझ्या हातच्या पहिलटकरणींत एवढा कुणी देत नाही. तुझी काही एक चूक नव्हती. तू तर बाराला सांगितलं होतंस मला."

तेव्हा ती रडली. आवाज न करता, मान खाली घालून. मला वाटलं, आता उठावं. पण तिनं तोंड पुसलं आणि विचारलं, "सकाळचं? त्ये नरसाळ्यातलं? त्ये तरी तिचं हुतं का?"

"ते तिचं होतं. नक्की तिचं."

"त्ये मला न्हाय ऐकवलं तुमी."

"नरसाळ्यातलं दुसऱ्याला ऐकू येत नाही."

तिनं तळहात माझ्यापुढं केला. "कसं हुतं, दावा."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी मनगटावरचं घड्याळ काढून बाजेवर ठेवलं, तिचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि तळव्यावर दोन बोटांनी वाजवायला लागले. भरभर, सेकंदाला दोनांहून जास्त, जसं त्या सकाळी कानाला लागलं होतं तसं. ती डोळे मिटून बसली होती. एकदा तिच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. म्हणाली, "घोडंच की."

मी थांबले.

तिनं डोळे उघडले. "पुढचं?"

"छत्तीस ठोके झाले. मी पंधरा सेकंदच ऐकलं होतं. बाकीचं गुणून लिहिलं."

"येवडंच?"

"एवढंच."

तिनं हात मागं घेतला नाही. तसाच उघडा ठेवून माझ्या बोटांकडं बघत राहिली, आणि मीही तशीच बसून राहिले. मग आतून तिच्या आईनं जेवायला वाढू का म्हणून विचारलं. शिवरंजनी म्हणाली, "नगं. बाई निघाल्यात."

घड्याळ बाजेवरच राहिलं. तुळजापूरला उतरल्यावर लक्षात आलं. आणायला परत गेले नाही.